अमेरिका की मद्रास : आनंदीबाई जोशी यांचा १८८३ चा निर्णय

मद्रासच्या मेडिकल कॉलेजात मुलींना १८७५ पासून प्रवेश मिळत होता. एवढी एक नोंद हाताशी घेतली, की आनंदीबाईंच्या अमेरिकेला जाण्याची हकिगत शाळेत ऐकलेल्या गोष्टीपेक्षा वेगळी दिसायला लागते. शाळेत आपली समजूत अशी होते, की हिंदुस्थानात बाईला डॉक्टर होण्याचा मार्गच नव्हता, म्हणून त्या सातासमुद्रापार गेल्या. मार्ग होता. अपुरा होता, अडचणीचा होता, पण होता, आणि आनंदीबाईंना तो ठाऊक होता. कलकत्त्याजवळच्या श्रीरामपूरला भर सभेत त्यांनी मद्रासचं नाव घेऊन, तिथं का जात नाही, हे सांगितलं. म्हणजे इथं कोंडी झाली म्हणून त्या पळाल्या असं नाही. दोन दारं समोर होती आणि त्यांतलं एक त्यांनी निवडलं.

ती निवड बारकाईनं तपासण्यासारखी आहे. पुढं काय झालं ते आपल्याला माहीत असल्यामुळं आपण एकतर तिची आरती करतो, नाहीतर हळहळतो. दोन्ही गोष्टींत निर्णय बाजूलाच राहतो. दरवर्षी बारावीच्या आणि पदवीच्या निकालानंतर आपल्या घराघरांत ‘बाहेर की इथंच’ हा वाद होतो. त्या घरांना आरतीपेक्षा आणि हळहळीपेक्षा या निर्णयाच्या तपशिलाचा जास्त उपयोग आहे असं मला मनापासून वाटतं.

हाताशी काय होतं

३१ मार्च १८६५ चा जन्म, माहेरचं नाव यमुना, माहेर कल्याणचं. नवव्या वर्षी टपालखात्यात कारकून असलेल्या, वयानं बरेच मोठे आणि बिजवर असलेल्या गोपाळराव जोशी यांच्याशी लग्न झालं. चौदाव्या वर्षाच्या आसपास मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. वेळेवर नीट उपचार मिळाले असते तर तो वाचला असता, ही रुखरुख त्यांच्या डॉक्टर होण्याच्या इच्छेच्या मुळाशी होती.

शिक्षण गोपाळरावांकडून आणि मधूनमधून मिशनच्या शाळांतून. बदल्या होतील तिकडं बिऱ्हाड जायचं : अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, कलकत्ता, बराकपूर, श्रीरामपूर. इंग्रजी उत्तम झालं, पण विद्यापीठाच्या एकाही परीक्षेचा कागद हाती नव्हता. हा मुद्दा बहुतेक चरित्रकथांत निसटतो. कॉलेजची निवड करताना मात्र तोच सगळ्यात जड ठरतो.

अमेरिकेचा धागा कोल्हापुरातून सुरू झाला. तिथं काम करून परतलेल्या रॉयल वाइल्डर या अमेरिकन मिशनऱ्याला गोपाळरावांनी १८७८ मध्ये पत्र लिहिलं : पत्नीला शिकवायचं आहे, अमेरिकेत आपल्याला काही काम मिळेल का? उत्तरात धर्मांतराचा सल्ला आला आणि तो सगळा पत्रव्यवहार वाइल्डरनं आपल्या नियतकालिकात छापून टाकला. १८८० मध्ये न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर दंतवैद्याकडं आपली पाळी येण्याची वाट बघत बसल्या असताना तो अंक त्यांच्या हाती पडला. त्यांनी आपणहून पत्र लिहिलं. पुढं दोघींची पत्रं सुरू झाली, आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या, आणि जिथं कुणीही ओळखीचं नव्हतं अशा देशात एक घर हक्काचं झालं.

मला हा योगायोग फार मोलाचा वाटतो. निर्णयाच्या वेळी फिलाडेल्फियाच्या, म्हणजे अमेरिकेतल्या ज्या शहरात त्या पुढं स्त्रियांच्या मेडिकल कॉलेजात शिकल्या त्याच्या, पारड्यात सगळ्यात वजनदार वस्तू कॉलेजची कीर्ती नव्हती. तीन वर्षं पत्रांतून पारखलेलं एक माणूस त्या पारड्यात होतं. मद्रासला असं कुणीही नव्हतं.

इथल्या वाटा

फेब्रुवारी १८८३ मध्ये बाईला डॉक्टर व्हायचं असेल तर इथं काय मिळू शकत होतं?

मद्रासला मेरी शार्लीब आणि आणखी तिघी १८७५ मध्ये पहिल्यांदा दाखल झाल्या. चौघी युरोपियन किंवा अँग्लो-इंडियन. शार्लीबबाई १८७८ मध्ये तिथला अभ्यास पुरा करून पुढच्या पदवीसाठी लंडनला गेल्या. मद्रासच्या सगळ्यात नावाजलेल्या विद्यार्थिनीला मद्रास पुरेसं वाटलं नाही, एवढं तरी यातून दिसतं. कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजचं दार स्त्रियांना अजून बंद होतं. तिथली अबला दास ही ब्राह्मो समाज या सुधारक पंथाच्या घरातली हुशार मुलगी त्यामुळंच १८८२ मध्ये बंगाल सरकारची शिष्यवृत्ती घेऊन मद्रासला गेली होती. मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेजात मुलींना घ्यावं म्हणून सोराबजी शापूरजी बंगाली आणि जॉर्ज किट्रेज यांची खटपट चालू होती, ती फळाला यायची होती. बाकी सगळीकडं सुइणीच्या कामाचे वर्ग.

आता यातला विलक्षण भाग. आनंदीबाईंचं जहाज ७ एप्रिल १८८३ ला कलकत्त्याहून सुटलं. त्याच वर्षी, काही महिन्यांतच, कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजनं स्त्रियांना प्रवेश दिला. मुंबईचं ग्रँट मेडिकलही त्याच वर्षी खुलं झालं, आणि डिसेंबरात डॉ. एडिथ पीची इंग्लंडहून मुंबईत कामाला रुजू झाल्या. मेरी शार्लीबही त्याच वर्षी मद्रासला परतल्या आणि मेडिकल कॉलेजात शिकवू लागल्या. ज्या वर्षी त्या गेल्या त्याच वर्षी मागं एकामागून एक दारं उघडली.

मग थोडं थांबायला हवं होतं का? हा प्रश्न पुष्कळांनी मला विचारला आहे, आणि दर वेळी माझं उत्तर एकच असतं : दार उघडलं म्हणजे त्यातून आनंदीबाईंना आत घेतलं असतं असं नाही. कलकत्त्याला आत गेलेल्या कादंबिनी बसू, लग्नानंतरच्या गांगुली, या बी.ए. झालेल्या होत्या. चंद्रमुखी बसू आणि त्या, कलकत्ता विद्यापीठाच्या पहिल्या दोन स्त्री पदवीधर. त्यांना नाकारणं सरकारला अवघड गेलं ते या पदवीमुळं. आनंदीबाईंकडं मॅट्रिकसुद्धा नव्हती. घरच्या कॉलेजात जायचं तर आधी विद्यापीठाची पायरी चढायची, त्यासाठी शाळेत बसायचं, आणि गोपाळरावांची बदली झाली की पुन्हा पहिल्यापासून. त्यात तीन-चार वर्षं सहज गेली असती. फिलाडेल्फियानं मात्र त्यांना जशा होत्या तशा घेतलं. अर्जात त्यांनीच लिहिलं होतं, की तुमच्या सगळ्या अटींत मी बसत नसेनही, पण मित्रांचा आणि जातीचा विरोध पत्करून इथवर आणणारा निश्चय जमेस धरावा. डीन रेचल बॉडली यांनी तो धरला, वर तीन वर्षांसाठी ६०० डॉलरची मदतही देऊ केली.

श्रीरामपूरची सभा

२४ फेब्रुवारी १८८३. श्रीरामपूर कॉलेजचं सभागृह, इंग्रजीतून भाषण, आणि बोलणारी अठरा वर्षंही पुरी न झालेली नऊवारीतली मुलगी. लोक कुजबुजत होते, टपालकचेरीच्या दारापर्यंत येऊन टोचून बोलत होते, म्हणून त्यांनी सगळ्यांनाच एकदा उत्तर द्यायचं ठरवलं. भाषणाची मांडणी सहा प्रश्नांची आहे : मी अमेरिकेला का जाते? हिंदुस्थानात शिकण्याची सोय नाही का? एकटी का जाते? परत आल्यावर जात मला वाळीत टाकणार नाही का? तिथं काही संकट ओढवलं तर काय करीन? आणि आजवर कुठल्याच बाईनं केलं नाही ते मीच का करावं?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर थोडक्यात आहे. हिंदू स्त्री डॉक्टरांची इथं गरज वाढते आहे, आणि ते काम करायला मी पुढं होते. खरं वजन दुसऱ्या उत्तरात आहे. मद्रासला एक कॉलेज आहे, बाकी इलाख्यांत सुइणींचे वर्ग आहेत, हे त्या मान्य करतात. मग म्हणतात, की तिथलं शिक्षण अपुरं आहे, कारण शिकवणारे जुन्या मताचे आणि काहीसे मत्सरी आहेत. त्यांना दोष देत नाही, पुरुषांचा स्वभावच तो, असंही लगेच जोडतात. त्यानंतर जे येतं ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. ख्रिस्ती किंवा ब्राह्मो झालेल्या बाईला रस्त्यावर जो त्रास होत नाही तो हिंदू राहून शिकणाऱ्या बाईला होतो, असं त्या सांगतात आणि स्वतःचे अनुभव पुढं ठेवतात : मुंबईत पुस्तकं घेऊन शाळेत जाताना खिडक्यांतून वाकून बघणारे, गाडीतून जाताजाता हसणारे, दुकानांतून टोमणे मारणारे. बंगालमध्येही तेच.

म्हणजे प्रश्न फक्त अभ्यासक्रमाचा नव्हता. कॉलेजच्या वर्गापर्यंत रोज पायी जायचं आणि यायचं, हा त्यांच्या दृष्टीनं शिक्षणाचाच भाग होता. मद्रासला राहायचं कुठं? मराठी ब्राह्मणाच्या सुनेला एकटीला कोण ठेवून घेणार? ज्या मराठी मुलीचं उदाहरण पुढं येईल तिला मद्रासला आसरा मिळाला तो पाद्र्याच्या घरी. आनंदीबाईंना धर्म सोडायचा नव्हता आणि सोडल्याशिवाय इथं सावली मिळत नव्हती. परका देश या एका बाबतीत सोपा होता : तिथं त्या परक्याच होत्या, आणि परकीनं कसं वागावं याचे नियम कुणी आधी करून ठेवले नव्हते.

एकटी का, याचं उत्तर सरळ व्यवहाराचं आहे. गोपाळरावांवर आईवडील आणि धाकटी भावंडं अवलंबून. दोघं गेले तर त्यांचं काय? वाळीत टाकण्याच्या भीतीला उत्तर : हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येऊन राहीन, खाणंपिणं, पोशाख बदलणार नाही. शेवटच्या प्रश्नाला त्यांनी कर्तव्याचा आधार दिला : समाजाचं आपल्यावर ऋण असतं, एखादी गोष्ट सगळ्यांच्या भल्याची दिसत असेल तर ती करायला कुणीतरी लागायचंच.

आज परदेशी जाणाऱ्या मुलांकडून विद्यापीठं ‘उद्देशाचं निवेदन’ लिहून घेतात. त्यांतली पुष्कळ मी वाचली आहेत. या सहा प्रश्नांइतकं प्रामाणिक मी एकही वाचलेलं नाही, कारण हे प्रश्न विद्यापीठानं विचारलेले नव्हते. शेजाऱ्यांनी, भाऊबंदांनी, रस्त्यावरच्यांनी विचारले होते, आणि त्यांचं समाधान करणं प्रवेश मिळवण्यापेक्षा अवघड होतं.

भाषणात न आलेलं

भाषणात दोन गोष्टी नाहीत, आणि पुढचं सगळं त्या दोन गोष्टींनी ठरलं.

एक, तब्येत. कलकत्त्याच्या मुक्कामातच आनंदीबाईंना अशक्तपणा, सततची डोकेदुखी, मधूनमधून ताप, धाप लागणं हे सगळं सुरू झालेलं होतं. कार्पेंटरमावशी अमेरिकेहून औषधं पाठवत होत्या, त्यांचा फारसा उपयोग झाला नाही. म्हणजे निघण्याच्या आधीच देह तक्रार करत होता. ‘संकट ओढवलं तर’ या प्रश्नाचं उत्तर देताना हे संकट नजरेसमोर येऊन त्याची तरतूद व्हायला हवी होती. पैशासाठी दागिने विकले गेले, वर्गणी झाली, जहाजावर सोबत म्हणून मिशनरी बायका शोधल्या गेल्या. थंडीचे कपडे, पोटभर मिळेल असं शाकाहारी अन्न, आजारी पडल्यास परत येण्याची मुदत, यांबद्दल ठरवलेलं काही दिसत नाही.

दुसरी गोष्ट, हा निर्णय कुणाचा? गोपाळरावांचा हट्ट जगजाहीर होता. अमेरिकेतून त्यांना लिहिलेल्या एका पत्रात आनंदीबाईंनी लहानपणच्या माराची आठवण काढली आहे : लाकडाच्या तुकड्यांनी मारणं, अंगावर फेकलेल्या खुर्च्या आणि पुस्तकं, सोडून जाण्याच्या धमक्या. ती वागणूक चांगली की वाईट हे सांगणं कठीण, दोन्ही म्हणावं लागेल, असा त्या पत्राचा आशय आहे. अभ्यासाला लावणारा आणि मारणारा हात एकच होता. हे झाकून ठेवून गोपाळरावांची थोरवी गाणं मला पटत नाही, आणि या एका गोष्टीवरून आनंदीबाई केवळ ढकलल्या गेल्या असं म्हणणंही पटत नाही. मूल गमावलेल्या आईची इच्छा तिची स्वतःची होती. श्रीरामपूरला उभं राहून बोलणारा आवाज तिचा होता. पण जिथं ‘नको’ म्हणण्याची मुभाच नसते तिथं ‘हो’ची किंमत कळत नाही, आणि तब्येत साथ देत नाही असं म्हणण्याचीही मुभा नसते. मला वाटतं, तब्येतीचा प्रश्न भाषणात का आला नाही याचं कारण इथं आहे.

फिलाडेल्फियातली तीन वर्षं

४ जून १८८३ ला त्या न्यूयॉर्कला उतरल्या. उन्हाळा कार्पेंटरमावशींच्या घरी सुखात गेला. मग फिलाडेल्फिया. १८५० मध्ये स्थापन झालेलं तिथलं विमेन्स मेडिकल कॉलेज फक्त स्त्रियांचं, शिकवणाऱ्यांतही स्त्रिया. कलकत्त्यातल्या थोबर्न दांपत्यानं ते सुचवलं होतं, आणि सूचना अचूक होती. श्रीरामपूरला त्यांनी मद्रासच्या शिक्षकांबद्दल जी तक्रार केली तिला इथं जागाच नव्हती.

अडचण कॉलेजबाहेर होती. भाड्याच्या खोलीतली शेगडी धूर कोंडायची. पेटवली तर धूर, विझवली तर थंडी. नऊवारीनं पोटऱ्या झाकल्या जात नाहीत, म्हणून पुढं त्या गुजराती पद्धतीनं साडी नेसू लागल्या. तेही गोपाळरावांना कळवून, कारणं देऊन. दिलेल्या शब्दाला जागून शाकाहार पाळला. घटसर्पाचं दुखणं काढलं. पुढं गोपाळरावही अमेरिकेला येऊन पोचले, आणि त्यांच्या जाहीर भाषणांनी मदत करणाऱ्यांनाच अडचणीत टाकलं. अशा सगळ्यात ‘आर्य हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र’ या विषयावर प्रबंध लिहून ११ मार्च १८८६ ला त्यांनी एम.डी. ही पदवी घेतली. समारंभाला पंडिता रमाबाई इंग्लंडहून गेल्या होत्या.

कोल्हापूर दरबारानं आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या स्त्रीविभागावर त्यांची नेमणूक केली. नोव्हेंबर १८८६ मध्ये त्या मुंबईला उतरल्या त्या क्षयानं पोखरलेल्या अवस्थेत. कोल्हापूरला रुजू होणं झालंच नाही. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात त्यांचं निधन झालं. बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती.

ज्या इथंच शिकल्या

‘इथं राहिल्या असत्या तर वाचल्या असत्या’ हे वाक्य फार सहज बोललं जातं. त्याला पडताळून बघायला त्याच काळातल्या तीन आयुष्यांचा आधार आहे.

पहिली अहमदनगरची. कृपाबाई खिस्ती, धर्मांतरित मराठी कुटुंबातली, आनंदीबाईंपेक्षा तीनेक वर्षांनी मोठी. तिला वैद्यकीय शिक्षणासाठी इंग्लंडला जाण्याची शिष्यवृत्ती मिळत होती, पण प्रकृती नाजूक म्हणून जाऊ नये असं ठरलं. त्याऐवजी १८७८ मध्ये ती मद्रासला गेली, पाद्री सत्यनाथन यांच्या घरी राहिली. पहिल्या वर्षी परीक्षांत चमकली आणि वर्षभरातच इतकी खालावली, की अभ्यास सोडावा लागला. पुढं त्याच घरात तिचं लग्न झालं, इंग्रजीत लेखन करून तिनं नाव मिळवलं, आणि १८९४ मध्ये ऐन तारुण्यात ती गेली. तब्येतीसाठी परदेश टाळला आणि तब्येत देशातच मोडली. मराठी वाचकांना हे प्रकरण जवळजवळ माहीत नाही याचं मला वाईट वाटतं.

दुसरी अबला दास, पुढं जगदीशचंद्र बोस यांच्या पत्नी. मद्रासचा तिचा अभ्यासही प्रकृतीमुळंच अर्ध्यावर सुटला.

तिसऱ्या कादंबिनी गांगुली, आणि त्यांची गोष्ट वेगळी आहे. १८८३ मध्ये ब्राह्मो सुधारक द्वारकानाथ गांगुली यांच्याशी त्यांचं लग्न झालं. ज्या माणसानं स्त्रियांना कॉलेजात घ्यावं म्हणून झगडा केला तोच नवरा. कलकत्त्यात घर, कलकत्त्यातच कॉलेज. शिकत असतानाच मूल झालं. फ्लॉरेन्स नाइटिंगेलनं १८८८ च्या एका पत्रात कौतुकानं लिहिलं आहे, की बाळंतपणासाठी ही बाई फक्त १३ दिवस गैरहजर होती. आनंदीबाई पदवी घेत होत्या त्याच १८८६ साली कादंबिनींचं शिक्षण पुरं झालं. एका विषयात कमी गुण देऊन एम.बी.ची पदवी नाकारली गेली, तिच्याऐवजी कॉलेजचं प्रमाणपत्र मिळालं. आनंदीबाईंनी ज्या मत्सरी शिक्षकांबद्दल बोलून ठेवलं होतं ते कलकत्त्यात भेटले म्हणायचे. १८८८ मध्ये लेडी डफरिन हॉस्पिटलात महिना ३०० रुपयांवर नेमणूक झाली. १८९१ मध्ये ‘बंगबासी’ पत्रानं त्यांना उद्देशून अत्यंत हलका शब्द वापरला, तेव्हा पतिपत्नींनी खटला भरला आणि संपादकाला सहा महिन्यांची कैद झाली. पदवीची उणीव मात्र सलत राहिली. म्हणून १८९३ मध्ये, मुलंबाळं झाल्यावर, त्या स्कॉटलंडला गेल्या, तिथली तिहेरी, म्हणजे तीन वैद्यकीय संस्थांची मिळून असलेली, पात्रता मिळवली आणि परत आल्या. पुढं तीस वर्षं काम केलं. ३ ऑक्टोबर १९२३ ला गेल्या त्या दिवशीही त्यांनी शस्त्रक्रिया केली होती.

पाया घरी आणि शेवटचा कागद बाहेर, हा मार्ग त्यांना लाभला. पण तो लाभला बी.ए. झाल्यामुळं, धडधाकट प्रकृतीमुळं आणि बाजू घेऊन कोर्टात उभ्या राहणाऱ्या नवऱ्यामुळं. आनंदीबाईंकडं या तिन्हींपैकी एकही गोष्ट नव्हती.

माझा निर्वाळा

फेब्रुवारी १८८३ मध्ये जे कळू शकत होतं तेवढ्यावर तोललं, तर अमेरिका निवडणं बरोबर होतं असं मी ठामपणे म्हणतो. आहे तशा विद्यार्थिनीला घेणारं एकमेव चांगलं कॉलेज तिथं होतं. शिकवणाऱ्या स्त्रिया तिथं होत्या, आणि मावशी तिथं होती. निर्णयाचा परिणाम वाईट झाला म्हणून निर्णय वाईट ठरत नाही. चूक झाली ती जाण्याच्या तयारीत, आणि ती चूक एकट्या आनंदीबाईंच्या पदरात टाकणं अन्याय आहे. आजारी मुलीला ‘वर्षभर थांब, बरी हो, मग जा’ असं सांगणारं एकही माणूस गोपाळरावांच्या घरात नव्हतं. कॉलेज तर वर्षभरानंही घेणारच होतं.

आजच्या घरांत हा वाद होतो तेव्हा मी पाहतो, की सगळी चर्चा देशाच्या नावावर चालते. जर्मनी की अमेरिका, पुणे की बाहेर. खर्चाचे तक्ते केले जातात, कर्जाचे हप्ते काढले जातात, आणि ते केलेच पाहिजेत. मात्र मुलाला किंवा मुलीला आहे त्या गुणांवर कोण घेतंय, तिथं आजारी पडल्यावर दार ठोठावता येईल असं एक तरी घर आहे का, सहा महिन्यांत परत यावंसं वाटलं तर घरचे काय म्हणतील, हे प्रश्न मोठ्यानं विचारले जात नाहीत. शेवटचा तर मुलांनी विचारायचाच नसतो, अशी आपली रीत. परदेशात खचलेली कितीतरी मुलं घरी फोनवर ‘मजेत आहे’ म्हणत राहतात ती या रीतीमुळं.

कादंबिनींच्या कागदाचा मुद्दाही आज तितकाच जिवंत आहे. परदेशात डॉक्टर व्हायला निघालेल्या मुलांना राष्ट्रीय वैद्यक आयोगाचे २०२१ चे नियम लागू आहेत : किमान ५४ महिन्यांचा अभ्यासक्रम, शिक्षण इंग्रजीतून, त्याच संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप, त्या देशात स्वतः व्यवसाय करता येईल अशी पात्रता, आणि परतल्यावर इथली परीक्षा व पुन्हा १२ महिन्यांची इंटर्नशिप. स्वस्त फीची जाहिरात बघून पैसे भरलेल्या आईवडिलांनी हे नंतर वाचावं लागणं फार क्लेशाचं असतं. पैसे भरण्याआधी त्या देशातल्या कॉलेजचा अभ्यासक्रम या अटींत बसतो का, हे एका दुपारी बसून ताडून बघता येतं.

सहा वर्षांनंतरची निवड

आनंदीबाईंनंतर अशाच वळणावर उभी राहिली ती मुंबईची रखमाबाई. १८८९ मध्ये मुंबईचं ग्रँट मेडिकल कॉलेज मुलींना खुलं होऊन सहा वर्षं झाली होती, घर मुंबईत होतं, तरी तिनं लंडन निवडलं. नांदायला यावं म्हणून नवऱ्यानं भरलेला आणि तिनं नेटानं लढवलेला खटला १८८४ ते १८८८ देशभर गाजला होता. त्यानंतर मुंबईच्या रस्त्यानं रोज कॉलेजला जाणं तिला किती जड गेलं असतं, याचा अंदाज श्रीरामपूरच्या भाषणावरून करता येतो.

यावेळी तयारी मात्र निराळी होती. कामा हॉस्पिटलच्या डॉ. एडिथ पीची, ज्यांना स्त्रियांचं वैद्यकीय शिक्षण आतून माहीत होतं, पाठीशी होत्या. खर्चासाठी निधी उभारला गेला. लंडनला मॅक्लारेन दांपत्यानं तिला आपल्या घरी ठेवून घेतलं. आणि जावं की नाही हे ठरवणारा नवरा मध्ये नव्हता. ते ठरवण्याचा हक्क तिनं कोर्टात लढून आणि शेवटी पैसे देऊन केलेल्या तडजोडीनं सोडवून घेतला होता. १८९४ मध्ये शिक्षण पुरं करून ती परतली, १८९५ पासून सुरतेच्या स्त्रियांच्या हॉस्पिटलात आणि मग राजकोटला तिनं वर्षानुवर्षं काम केलं. डॉ. रखमाबाई १९५५ मध्ये गेल्या, नव्वदीत.